हळू बोलणारी मावशी

निमोण्याच्या शिवारात खुरपायला जाणाऱ्या आम्हा बायकांची ती मुकादम. सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या. ती कधीच ओरडत नसे. काम सांगायची ते अगदी सावकाश, आणि मग समोरचीकडून वदवून घ्यायची, "काय म्हनले मी? सांग बरं." आम्हाला त्याचा कंटाळा यायचा.

त्या दुपारी उसाच्या कडेला कांदा खुरपत होतो. उसात काहीतरी सळसळलं म्हणून मी मान वर केली, तर बांधावर बिबट्या बसलेला, आमच्याकडंच बघत. सुनंदा त्याच्या सगळ्यात जवळ, खाली वाकलेली. तिला काहीच दिसलं नव्हतं.

मावशीनंही त्याला पाहिलं होतं. ती रोजच्याच आवाजात म्हणाली, "सुनंदा, उभी ऱ्हा. वाकू नगंस, पळू नगंस. काय म्हनले मी?"

"उभी ऱ्हाते, पळत न्हाई," म्हणत सुनंदा उठली, आणि मग तिला तो दिसला. तरी ती पळाली नाही.

"आता समद्या एकमेकीला धरा आन् मागं सरका. त्याला पाठ दावायची न्हाई."

आम्ही तशाच मागं सरकत राहिलो. सुनंदाला मागं घेऊन मावशी पुढं झाली होती; आमच्या आणि त्याच्या मधे ती एकटी. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा कुठं तो उठून उसात शिरला.

सुनंदा रडायला लागली. मावशीनं माझा खांदा घट्ट धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मला लई भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "कुनीतरी मला घरापतुर न्या. माझ्यानं चालवंना."