आईच्या मशीनवर कुणाची शुगर?

दुपारपासून कामात लक्ष नाही, म्हणून इथं लिहितेय.

आई माढ्याला एकटी असते, मी सोलापुरात नोकरीला. तिला शुगर आहे. मीच तिला तपासायचं मशीन घेऊन दिलं. त्यातला आकडा आपोआप माझ्या आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर येतो.

या आठवड्यात तीनदा तीनशेच्या वर आकडा आला. डॉक्टरांनी आज गोळी वाढवायला सांगितली. मी घाबरून आईला फोन केला.

"काय खातेस गं तू? शुगर तीनशेवर गेलीय, गोळी वाढवलीय."

"माझी कुटं वाढलीय? ती मालनकाकूची आसंल. शेजारची समदीच येत्यात की तपासायला."

"आई! ते सगळं तुझ्या नावावर जातंय! सुई तरी बदलतेस ना?"

"व्हय, दर टायमाला नवी. दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणू?"

हे तिनंच मला लहानपणी शिकवलंय.

लगेच डॉक्टरांना कळवलं, वाढीव गोळी थांबली. पण महिनाभरातले आईचे आकडे कुठले, हे तिलाही आठवत नाही. चूक माझीच, मी कधी विचारलंच नाही.

आईला परत फोन लावला, तर मालनकाकू तिथंच बसल्या होत्या. फोनवरच त्यांना म्हटलं, "काकू, तीनशे म्हणजे फार आहे. उद्याच दवाखान्यात जा."

काकू हसल्या. "मला काय झालंय? आकडा तर तुज्या आईच्या नावावर गेलाय की!"

आई वाचली, पण काकूंना दवाखान्यापर्यंत कसं न्यायचं? तुमच्या घरी असं कुणाला कसं समजावलंत?