आर्डिसची चाळण

"आरं, तुझी डुकरं इकली न्हाईत ह्यात माझा काय गुन्हा? मेल मी धाडला. त्यांनी दारातनंच परत लावला."

"मंग पुन्यांदा धाड की, आर्डिस."

"तीनदा धाडला. आपल्या गावाचं नाव बगितलं की कडी लावत्यात. तू फोन कर त्या व्यापाऱ्याला. तोंड हाय न्हवं?"

आर्डिस क्वामेनं फोन ठेवला तोवर दुसरा वाजला. मिनेसोटातल्या आमच्या होल्टेनच्या सहकारी टेलिफोन कंपनीत ही बाई पंचेचाळीस वर्षं खुर्चीला खिळलेली. सतराव्या वर्षी फोन जोडायच्या बोर्डावर बसली. कुणाची तार कुणाला जोडायची ते तिच्या बोटांना पाठ होतं. कोण कुणाशी काय बोललं ते कानाला पाठ होतं, पण तोंडातून कधी एक अक्षर सांडलं नाही. "कानानं ऐकायचं आन तोंडानं इसरायचं," हा त्या बोर्डावरच्या बायांचा धर्म. पुढं बोर्ड मोडीत गेला, गावात इंटरनेट आलं, आणि साऱ्या गावाचा मेल सांभाळायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. नाहीतरी गावातलं प्रत्येक नाव तिलाच ठाऊक होतं.

तिचं काम म्हणजे चाळण. सकाळी सहाला यायचं, यंत्रानं अडवून ठेवलेला कचरा, म्हणजे न मागता आलेल्या जाहिरातींचे मेल, बघायचा, त्यातलं एखादं खरं पत्र उचलायचं आणि बाकीचं उकिरड्यावर. गाव आठला उठून कॉफीबरोबर मेल बघायचं तेव्हा सगळं स्वच्छ असायचं. कुणी झाडलं, हे कुणी विचारलं नाही. झाडून घेतलेलं अंगण कोण बघतं?

दोन हजार चारच्या वसंतात घोटाळा झाला. आमच्याच लायल रुस्टाडनं कोंबड्यांच्या बंद पडलेल्या उबवणी केंद्रात कॉम्प्युटरच्या रांगा मांडल्या होत्या. अंडी ठेवायच्या फळ्यांवर कॉम्प्युटर. ऊन तापलं की अजून पिसांचा वास यायचा. तिथनं तो रोज लाखो लोकांना मेल मारायचा. बारीक होण्याच्या गोळ्या, टकलावरचं तेल, आणि पुरुषांच्या कमरेखालची औषधं. माणूस वाईट नव्हता. बेसबॉलच्या मैदानावरचे दिवे त्यानंच लावून दिले होते.

दूर कुठंतरी काही लोक बसतात, पदरमोड करून, कचरा टाकणाऱ्यांची काळी यादी ठेवतात. मोठमोठ्या कंपन्या ती यादी बघूनच मेल आत घेतात. त्यांनी आधी लायलची एकट्याची तार यादीत टाकली. आमच्या टेलिफोन कंपनीला कळवलं, याला तोडा. कंपनीनं ऐकलं नाही, कारण लायल सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. मग त्यांनी अख्खं होल्टेन यादीत घातलं. तेव्हापासून डुकरांचा भाव विचारलेला परत, दवाखान्याचे कागद परत.

सोमवारी आर्डिस कंपनीच्या अध्यक्षाकडे, ऑर्व्हिलकडे गेली.

"लायलला तोडा. न्हाईतर गावाचं दार उघडत न्हाई."

"लायल म्हनतो, मागितल्याबिगर तो कुनाला धाडत न्हाई. तुझ्याकडं पुरावा हाय?"

पुरावा चाळणीत रोज ढिगानं पडत होता. पण ती पत्रं दुसऱ्यांच्या नावाची होती.

"लोकाच्या पत्रातलं मी सांगत न्हाई," आर्डिस म्हणाली.

"मंग झालं तर. आन बाई, तो गेला तर तुझी खुर्ची तरी ठिवू का न्हाई, ठावं न्हाई. गुरुवारी बैठक हाय, बगू."

बाहेर पायरीवर लायलच भेटला. हसला. "आर्डिस, मी कचरा टाकतो, तू काढतीस. दोघांची भाकरी एकाच उकिरड्यावर. भांडतीस कशाला?"

आर्डिस पायऱ्या उतरून चालू लागली. म्हणाला ते खरंच होतं.

बुधवारी सकाळी सहाला ती आली, चाळण बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी कंपनीचा तारवाला, तिथंच तारांची वेटोळी गाडीत भरत होतो. म्हटलं, "आज काम न्हाई?" म्हणाली, "आज जे येतंय ते ज्याच्या त्याच्या घरी."

आठ वाजून पाच मिनिटांनी म्हाताऱ्या टॉलेफसनबाईंचा फोन. एक्याऐंशी वर्षांच्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या.

"आर्डिस, पोरी, कोनतरी माझा अवयव चार बोटं वाढवून देतो म्हंतोय. कुठला गं?"

"मला काय ठावं, बाई. तळाला पत्ता आसंल, बगा."

त्या वर्षापासून कायदाच आला होता, अशा मेलखाली धाडणाऱ्यानं आपला पत्ता लिहायचा. आणि लायल कायदा मोडणारा माणूस नव्हे.

"हाय की. टपालपेटी चाळीस, होल्टेन. आगं बया! ही तर लायलची पेटी!"

"मी कुनाचं नाव घेतलं न्हाई."

दुपारपर्यंत फोन तापून गेला.

गुरुवारी बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. ऑर्व्हिलचा मेल त्याच्या बायकोनं आधी वाचला होता, त्यामुळं त्याची मान वर येत नव्हती. लायल म्हणाला, "पत्त्यांची यादी मी इकत घेतलीया. चाळीस लाख नावं. येकेक वाचत बसू व्हय?"

टॉलेफसनबाई उठल्या. "माझा मालक जाऊन सा वर्सं झाली. त्येच्या नावानंबी आलंय. 'तुम्ही मागितलंत म्हणून पाठवतोय,' आसं लिवलंय. त्यानं कवा मागितलं, लायल?"

आमच्या गावात कुणी ओरडत नाही. राग आला की हातातला कॉफीचा कप खाली ठेवतात. एकामागून एक कप टेबलावर टेकले. लायलला तोडायला संचालकांचे पाचच्या पाच हात वर गेले.

शुक्रवारी मीच शिडी लावून उबवणीची तार कापली. लायल खाली उभा. "जपून, तिसरी पायरी मोडकी हाय," म्हणाला. रविवारी कॉम्प्युटर ट्रकात घालून तो शेजारच्या जिल्ह्यात गेला. काळ्या यादीतनं गाव निघायला अकरा दिवस लागले. डुकरं तोवर पडत्या भावानं गेली होती.

आर्डिसची खुर्ची राहिली. ऑर्व्हिलनं फक्त विचारलं, "बुधवारी चाळण बिघडली हुती का?"

"धुवायला काढली हुती."

पुढल्या महिन्यात एका सकाळी टॉलेफसनबाईंचा फोन आला. "त्या घाणीचं बरं झालं बाई, बंद झाली येकदाची."

"व्हय, बाई," आर्डिस म्हणाली. समोर पडद्यावर टॉलेफसनबाईंच्या नावचे एकोणीस मेल अडकून पडले होते. त्यांतल्या सहांच्या तळाला पेटीचा आकडा नवा होता आणि गाव शेजारच्या जिल्ह्यातलं.

तिनं फोन खांद्याला दाबून धरला, बाई ऑर्गनच्या नव्या पट्ट्यांबद्दल सांगत होत्या ते ऐकत हूं हूं केलं, आणि एकोणिसांतलं बहिणीचं एक पत्र बाजूला काढून बाकीचे उकिरड्यावर टाकले. मग पुढचं नाव उघडलं.