मे महिन्यातली शाल

सावंगीहून देवळीला जाणाऱ्या बसमध्ये, भर मे महिन्यात, माझ्या शेजारचा तरुण गळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावून, वर शाल गुंडाळून बसला होता. घामानं निथळत होता, पण छातीवरचा हात काही हलवत नव्हता. त्याची बायको खिडकीला टेकून गाढ झोपली होती. शेवटी कंडक्टरनं विचारलंच, "काय लपवून राह्यला, भाऊ?"

त्यानं शाल जराशी सारली आणि वरची दोन बटणं काढली. शर्टाच्या आत, उघड्या छातीला चिकटून, टोपडं घातलेली इवलीशी पोर होती.

"दिवस भराच्या आधीच झाली. आशाताईनं शिकवलं, आंगाले आंग लावून ठेवा. दिवसा मी ठेवतो, राती इची माय. आज दवाखान्यात वजन बरोबर भरलं."

इतक्या उकाड्यात इतका सुखी माणूस मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली आणि पोरीनं भोकाड पसरलं. मागून कुणीतरी खेकसलं, "गप करा न तिले!"

"गप काऊन?" तो वळून म्हणाला. "झाली तवा इले रडाचीबी ताकद नोती." मग खाली वाकून पोरीला म्हणाला, "रड माय, रड! साऱ्या बसले आयकू दे."