काच धरलीया

"थांबा मॅडम, काच धरलीया."

एवढं म्हणून मामा जीप रस्त्याच्या कडेला घ्यायचे, हँडब्रेक ओढायचे आणि भर पावसात खाली उतरायचे. डोक्यावर टोपी नाही की काही नाही. वरच्या खिशातून लाल कापडाची पुरचुंडी काढायची, पावसातच भिजवायची आणि समोरच्या काचेवर गोल गोल घासायची. आधी स्वतःच्या बाजूला, मग माझ्या. परत आत बसले की बाहीनं तोंड पुसायचे, समोर एकदा नीट बघायचे आणि म्हणायचे, "सुटली."

पुरचुंडीत तंबाखू असायची. निपाणीकडची, काळी, कडक. घाटातल्या पावसात ट्रकवाल्यांबरोबर कधी प्रवास केला असेल तर तुम्हीही हा उपाय बघितला असेल. भिजलेली तंबाखू काचेवर फिरवली की पाणी थेंबाथेंबानं चिकटून राहत नाही, सरळ पसरून खाली जातं, आणि वायपर म्हातारा असला तरी रस्ता दिसतो. मामांनी जन्मात कधी तंबाखू खाल्ली नाही. "तोंडात घातली तर माणूस जातो, काचंवर घातली तर वाचतो," हे ते गाडीत बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी शेवटी त्यांच्याआधी मीच म्हणायची.

मी कोल्हापुरात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि ते पिण्याजोगं आहे का ते सांगायचं. पाणी बिघडतं पावसाळ्यात, त्यामुळं आमची खरी पळापळही पावसाळ्यातच. मामा आमच्या जीपचे ड्रायव्हर. हजेरीपुस्तकात त्यांना नाव होतं, पण साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. अकरा पावसाळे मी त्यांच्या शेजारच्या सीटवर काढले. मी तशी तोंडाळ बाई. ऑफिसात माझ्यासमोर कुणी चुकीचं बोलून सुटला नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी नेमकी गप्प बसले आहे.

काचेवर बाहेरून पाणी साचलं तरी मामांच्या भाषेत काच 'धरली', आतून वाफ बसली तरी 'धरली', पुढच्या डंपरनं चिखल उडवला तरी 'धरली'. आतल्या वाफेवर मात्र त्यांचा विशेष राग. ओल्या छत्र्या मागच्या फळीवर ठेवायला लावायचे, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायचे, आणि माणसांनी फार श्वास सोडलेलाही त्यांना खपायचा नाही. एकदा वरच्या ऑफिसातले एक साहेब आमच्याबरोबर आजऱ्याला आले. गडी कागलपासून जो सुरू झाला, तो आपण कुठं कुठं काय काय सुधारणा केल्या ते सांगायचा थांबेना. उत्तूरजवळ मामांनी गाडी बाजूला घेतली आणि मागं वळून अगदी अदबीनं म्हणाले, "सायेब, राग मानू नगा, पर तुमच्या बोलण्यानं काच धरलीया."

साहेब आजऱ्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते.

आणखी एक गंमत ते रंगवून सांगायचे. दरवर्षी ड्रायव्हर लोकांची डोळे तपासणी व्हायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक एक जण पुढं जाऊन वाचणार. मामा मुद्दाम रांगेत शेवटी उभे राहायचे. पुढच्यांनी मोठ्यानं वाचलेलं ऐकून ऐकून अख्खा तक्ता पाठ. "त्या नर्सबाईनं काठी उचलायच्या आधी मी खालची वळ म्हणून मोकळा! बाई म्हनली, मामा, गरुडाची नजर हाय तुमची." हे ऐकून आम्ही सगळे चहा सांडेपर्यंत हसायचो. माणूस एवढा धडधडीत सांगत होता आणि आम्ही हसत होतो. आता ते हसणं आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दिवाळीनंतरची गोष्ट. आभाळ धुतल्यासारखं निळं, पावसाचा टिपूस नाही. जोतिबाच्या डोंगरावरच्या टाक्यांचे नमुने घेऊन आम्ही खाली उतरत होतो. एका वळणाआधी मामांनी गाडी कडेला घेतली.

"थांबा मॅडम, काच धरलीया."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हटलं, "व्हय, कुठला साहेब बोलला आज?" पण ते उतरले. पुरचुंडी काढली, बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि घासायला लागले. आधी स्वतःची बाजू, मग माझी. आत येऊन बसले, समोर बघितलं. 'सुटली' म्हणाले नाहीत. परत उतरले, परत घासलं. मी आत बसून बघत होते. काचेतून मला त्यांच्या हनुवटीवरचा एक एक पांढरा खुंट दिसत होता. काच लख्ख होती.

ते आत आले तेव्हा मी विचारलं, "मामा, काच धरलेली नाही. तुम्हाला काय होतंय?"

त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "साखर हाय मला, सात वर्सं झाली. ह्या डोळ्यात जाळं आल्यागत दिसतंय. दुसऱ्यात मधीच काळं ठिपकं फिरत्यात."

"कधीपासून?"

"गेल्या पावसापास्नं. आधी वाटलं, काचच हाय."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चला. त्यांनी मान हलवली. डॉक्टरकडं गेलं की कागद होणार, कागद ऑफिसात येणार, आणि ऑफिस त्यांना गाडीवरून उतरवून गेटवर स्टुलावर बसवणार. आमच्याकडं आधी एका ड्रायव्हरचं तसंच झालं होतं. लोक त्याला येता-जाता पाण्याची बाटली भरून आणायला सांगायचे.

"पावणेदोन वर्सं राह्यल्यात, मॅडम. तीस वर्सांत कुनाला खरचटलं न्हाय माझ्या गाडीनं. स्टेअरिंगवरनं घरला जाऊ द्या मला. त्या स्टुलावर नगं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कुनाला बोलू नगासा."

मी म्हटलं, "नाही बोलत."

एवढ्या सहज म्हटलं! मला त्यांची दया आली होती, आणि दया आलेलं माणूस स्वतःवर फार खूश असतं. डॉक्टरचं मी नंतर दोन-तीनदा विचारलं. "बघू की, उन्हाळ्यात जाऊ," म्हणायचे. मीही लावून धरलं नाही.

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले. डावीकडं सायकल, मामा. पुढं गतिरोधक आहे. ट्रॅक्टर वळतोय, जरा दमानं. हळूहळू आमचं जमून गेलं. मी सांगायची, ते चालवायचे, मधूनमधून "व्हय व्हय, दिसतंय की" म्हणायचे, आणि मला माहीत असायचं की दिसत नाही. ऑफिसातले म्हणायचे, मॅडम, आता लायसनच काढा. मी हसण्यावारी न्यायची. घरी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. आपण एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखतोय, असं मला वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, छान वाटायचं.

मग पाऊस लागला. आता मामा दर दोन-तीन मैलांवर थांबायला लागले. उतरायचे, घासायचे, बसायचे, पुन्हा उतरायचे. पुरचुंडीतली तंबाखू आठवड्यात संपायला लागली. काचेवरचं पाणी सुटत होतं, तरी रस्ता दिसेना म्हणून ते आणखी जोरानं घासायचे. मी एकदाही म्हटलं नाही की मामा, पुरे. काय म्हणून म्हणणार होते?

आषाढात आजऱ्याच्या बाजूला भात लावणी चालू होती. पाऊस असा, की दिवसा दुपारी दिवे लावलेले. मी मांडीवर बाटल्यांचा खोका घेऊन त्यावरच्या चिठ्ठ्या लिहीत होते. खाली बघत होते. हे मी विसरणार नाही, की त्या वेळी मी खाली बघत होते. मान वर केली तर समोर, बॉनेटच्या टोकाशी, प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली एक बाई. डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा.

"मामा, बाई!"

मी किंचाळले. त्यांनी ब्रेक मारला. जीप घसरत गेली, बाई बांधाकडं उडी मारून पडली, आणि भारा चाकाखाली गेला. खोक्यातल्या बाटल्या फुटल्या. बाई उठली. चिखलानं भरली होती, पण उभी होती. ती तरातरा मामांच्या खिडकीशी आली आणि काचेवर थाप मारून ओरडली, "डोळं फुटलं व्हय रं तुझं, मुडद्या?"

ही शिवी आपल्याकडं कोपऱ्या-कोपऱ्यावर ऐकू येते. धक्का लागला तरी देतात. मामांनी खिडकी खाली केली. पाऊस आत येत होता. ते तिच्याकडं, म्हणजे तिच्या आवाजाकडं तोंड करून म्हणाले, "व्हय, बाई."

बाई एक पाऊल मागं सरली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली फुटलेल्या काचा गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. डोळ्यांबद्दल सांगितलं, बाईबद्दल सांगितलं. दिवाळीपासून मला माहीत होतं, हे सांगितलं नाही. मामांची चावी त्याच दुपारी काढून घेतली. तपासणीला पाठवलं तेव्हा सोबत मी गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, म्हणाली. एका डोळ्याची आशा नाही, दुसऱ्याचं बघू. मामांना बाहेर बसवून तिनं मला विचारलं, "सहा-आठ महिन्यांपूर्वी का नाही आणलंत? तेव्हा उपचार केले असते तर बरीच नजर राहिली असती."

सहा-आठ महिने. मी तिथल्या तिथं बोटांवर मोजले. दिवाळी येत होती.

दुसराही डोळा गेला. गेटवरचं स्टूल त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं, पण मामा एक दिवससुद्धा त्यावर बसायला आले नाहीत. नोकरी सोडल्याच्या कागदावर अंगठ्यासारखी वेडीवाकडी सही करून घरी गेले.

मी वर्षभर त्यांच्या घरी गेले नाही. त्यांचं उचगाव काय लांब आहे? रोज तिथून जायची. शेवटी ज्या महिन्यात ते रिटायर होणार होते, त्या महिन्यात एका फेरीवरून परत येताना नव्या ड्रायव्हरला म्हटलं, गाडी आत घ्या. पाऊस धो धो. मामा पत्र्याच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. मामी, त्यांची बायको, म्हणाली, "ऑफिसातल्या मॅडम आल्यात." ते म्हणाले, "गाडीच्या आवाजानं वळखलं मी. क्लच घासतोय की, सांगा त्येला."

चहा झाला. क्लचचं बोलून झालं, पावसाचं झालं. मग ते म्हणाले, "तुमीच सांगिटलासा न्हवं साहेबास्नी?"

"होय, मामा."

"बरोबर केलासा. ती बाई मेली असती." आवाज चढला नाही. "पर सांगायचंच हुतं, तर दिवाळीत सांगायचं हुतं की, मॅडम."

"तुम्हीच नको म्हणाला होता, मामा," असं माझ्या ओठांवर आलं. अकरा वर्षं तोंड चालवणारी बाई मी. आलं ते गिळलं. मामीनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. मला रडूही येईना.

मी निघाले तसे ते उठले. "गाडीपातुर न्या मला." मी हात धरून नेलं. पावसात उभं राहून त्यांनी बॉनेट चाचपलं, काचेपर्यंत हात नेला, आणि खिशातून पुरचुंडी काढली. वर्षभरानंतरही ती खिशात होती. नवा ड्रायव्हर आतून म्हणाला, "मामा, नवं वायपर हायत की गाडीला आता." त्यांनी ऐकलं नाही. घासलं. आधी ड्रायव्हरची बाजू, मग बॉनेटला हात लावत लावत फिरून माझी. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

"बसा आत. बघा, सुटली का?"

मी आत बसले, समोर बघितलं. "सुटली, मामा."

"मग जावा."

गल्ली अरुंद, गाडी मागं मागं घेत बाहेर काढावी लागली. पत्र्यांवर पाऊस एवढा वाजत होता की गाडी कुठल्या बाजूला गेली ते त्यांना कळलं नसणार. ते भिजत उभे होते आणि शेजारच्या गोठ्याकडं तोंड करून, हात वर करून आम्हाला निरोप देत होते. गाडी वळेपर्यंत देत होते. काच स्वच्छ होती, मला सगळं दिसत होतं.