आहेस का?

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, ऑफिसात ईमेलचा गेटवे उभारत होते. येणारी-जाणारी प्रत्येक मेल तपासणारा तो नाका दोन सर्व्हरवर चालायचा. दोघं सतत एकमेकांना विचारायचे, "आहेस का?" एकाचं उत्तर आलं नाही, की दुसरा त्याला मेलेला धरून त्याच्याच नावाने कारभार हाकायचा.

शहाणा माणूस असलं खूळ ऑफिसात ठेवतो. भावजींनी ते घरी आणलं. बसल्या जागेवरून सारख्या हाका, "आहेस का?" ताईने "आहे, आहे" करत बरेच दिवस काढले आणि शेवटी अबोला धरला.

त्या दुपारी मी तिला फोन केला. फोन भावजींनी उचलला. म्हणाले, "बोल गं, ताईच बोलतेय."

मी तशीच धावत गेले. भावजी ताईचा एप्रन बांधून, तिचाच चष्मा लावून भांडी घासत होते. ताई शेजारी उभी होती, धडधाकट.

"उत्तर देत नव्हती," भावजी मला म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"मेले नाहीये," ताईने अबोला सोडला. "रुसलेय."

भावजी विचारात पडले. "सिस्टीममध्ये रुसायची सोय नाही."

"माझ्यात आहे," ताई म्हणाली आणि उरलेली भांडी त्यांच्यापुढे सरकवली.