तिसरी जागा

आमच्या जागामामांनी एसटीत आधी पाय कधी टाकला नाही. आधी खिडकीतून उपरणं टाकलं. वडनेर भोलजीच्या फाट्यावर गाडी थांबायच्या आत ते तिच्यासोबत धावू लागत आणि उपरणं बरोबर रिकाम्या बाकावर जाऊन पडे. मग कोपरांनी लोकांना सारत ते आत शिरत. मामीला, लेकीला, मला, कधी नुसत्या तोंडओळखीच्या माणसालाही त्यांनी अशा जागा धरून दिल्या. त्यांचं खरं नाव गाव केव्हाच विसरलं होतं.

"मानसाले जागा पाह्यजे बे," ते म्हणत. "उभ्या उभ्या काय जिनं हाय?" एरवी चारचौघांत शब्द जपून बोलणारा हा माणूस, पण गाडी दिसली की त्यांच्या अंगात यायचं. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो. मला त्यांची भयंकर लाज वाटे.

त्यांची एकुलती लेक सुमन नवऱ्याकडे विलायतेला निघाली, तेव्हा तिला पोचवायला मामांनी मलाच सोबत घेतलं. मी शिकलेला, म्हणजे मला मुंबई ठाऊक असणारच, अशी त्यांची खात्री. मीही मुंबई पहिल्यांदाच पाहतोय, हे मी तीनदा सांगून पाहिलं. सांताक्रूझच्या विमानतळावर तर त्यांनी माझी उरलीसुरली अब्रू घालवली. गणवेशातल्या माणसाला ते विनवू लागले, की मिनिटभर आत सोडा, पोरीची खिडकीजवळची जागा धरतो आणि लगेच परत येतो. इथे जागांना नंबर असतात, असं तो बिचारा शांतपणे सांगत राहिला. नंबर नांदुऱ्याच्या गाडीलाही असतात, ते कोण पाळतं, असं मामांचं म्हणणं. शेवटी सुमनच हसत त्यांच्या पाया पडली आणि काचेच्या दारापलीकडे गेली. ती रडली नाही, मामाही रडले नाहीत.

"खिडकी भेटली असन का तिले?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मला कसं ठाऊक असणार?

बाहेर दादरच्या बसला रांग होती. आमची परतीची रेल्वे दादरहून. इथे रांगेत उभं राहायचं, असं मी मामांना बजावलं आणि ते हो म्हणाले. बस वळणावर दिसली, मी खिशातून चिल्लर काढली, तेवढ्यात मामा गायब. बस थांबली तेव्हा उपरणं आत पोचलं होतं. रांगेतले लोक मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत पाहतो तर मामांनी आम्हा दोघांचा बाक धरलेला, आणि वर पुढच्या बाकावरची खिडकीही. तिच्यावर उपरणं पसरलेलं. शेजारी एक म्हातारी दांडा धरून उभी. माझा पारा चढला. आपण माणसं दोन, तिसरी जागा कशाला, असं मी सगळ्यांदेखत ओरडलो. कंडक्टरनेही तेच विचारलं.

"येऊन राह्यली," मामा म्हणाले आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

बस सुरू झाली होती. मामा उठले, उपरणं गोळा केलं, म्हातारीला हाताने बसायची खूण केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुमीची धरली होती बे."

दादरपर्यंत ते उपरण्यात तोंड घालून रडले. मी मात्र खिडकीबाहेर पाहत बसलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचं मला सुचलं नाही, याचा मला अजून राग येतो.

चार वर्षांनी सुमन माहेरी आली. मामा आदल्या वर्षीच गेले होते. तिला आणायला मी नांदुऱ्याला गेलो. वडनेरची गाडी स्टँडवर शिरली, तसा मी, एव्हाना शाळेत मास्तर झालेला, गाडीसोबत धावलो आणि खिडकीतून पिशवी, रुमाल, छत्री, जे हाताला लागलं ते टाकलं.

सुमन मागून आत आली. "दादा, आपन तं दोघंच," ती म्हणाली. "तिसरी कोनाची धरली?"

मी उगाच तिच्यावर खेकसलो, गुपचूप बस म्हणालो. फाटा येईपर्यंत लोक मला वाट्टेल ते बोलत होते, पण ती जागा मी सोडली नाही.