यासीनभाई आणि आमच्या बग्गीचे ब्रेक

शनिवार, सतरा जानेवारी, सकाळचे नऊ. आमच्या डोंगरावरच्या आंब्याच्या बागेतून खाली येणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर आम्ही तिघेच होतो: मी, माझी पत्नी वसुधा आणि यासीनभाई. बग्गीचे ब्रेक बदलायला एकतीस हजार चारशे रुपये लागले होते, ते चुकतेही झाले होते. ब्रेक उतारावर धरतात की नाही, एवढेच पाहायचे राहिले होते. यासीनभाईंची आणि माझी ती शेवटची भेट. बाराव्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी शबाना हिचा फोन आला. "काका, अब्बा गेले. झोपेतच..."

यासीनभाई दिघीच्या बाजूचे. उमेदीची वीस वर्षे त्यांनी खाडीतल्या लाँचांची इंजिने दुरुस्त केली, मग हरिहरेश्वरच्या रस्त्याला गॅरेज काढले. पर्यटकांना समुद्राकाठच्या पुळणीवर फिरवणाऱ्या इंजिनाच्या बग्ग्या आल्या तशी त्यांच्याकडे तीच कामे वाढली. सुटा केलेला प्रत्येक नट ते ज्या चाकाचा त्या चाकाजवळ, काढल्या क्रमाने मांडून ठेवत. मी जन्मभर हिशेबनीस म्हणून नोकरी केली. आमची मैत्री त्या नटांच्या रांगा पाहूनच जमली असावी.

वसुधाचा डावा गुडघा बदलल्यापासून तिला वरच्या बागेत चालत जाणे जमेना. तिथली साठ कलमे तिने स्वतः लावलेली. त्यासाठीच मी दोन वर्षांपूर्वी एक जुनी बग्गी घेतली... शेजारीशेजारी दोन सीट, चार जाड चाके, वर लोखंडी पिंजरा. वसुधा माझ्या शेजारी बसून वर जायची, एकेका झाडाला हात लावायची आणि खुशीत खाली यायची.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी कोयते, विळे, पारई, सगळ्या लोखंडाला खोबरेल चोपडून ठेवतात, नाहीतर खाऱ्या हवेत ते चार महिन्यांत खपल्या धरते. गेल्या मे महिन्यात यासीनभाईंनी ब्रेकचे नवे पॅड बसवून दिले होते. जून लागताच मी बग्गी शेडमध्ये लावली आणि चारही चाकांच्या ब्रेक-डिस्कना निगुतीने खोबरेल लावले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. पॅड तिला दोन्हीकडून आवळतात तेव्हा गाडी थांबते. त्या तबकडीला तेल लावायचे नसते, एवढे साधे माझ्या डोक्यात आले नाही. ऑक्टोबरात डिस्क फडक्याने पुसल्या आणि गाडी बाहेर काढली. सपाटीवर ब्रेक ढिला वाटला, पण नवे पॅड रुळायला वेळ लागतो, अशी मी माझीच समजूत घातली. परतताना उतारावर गाडी थांबेना. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या, जांभ्या दगडाच्या गडग्यावर तिरकी घासवून मी ती कशीबशी अडवली. वसुधाच्या खांद्याला मुका मार लागला. गुडघा वाचला.

यासीनभाईंनी चाक उतरवले, पॅड नाकाशी धरला आणि माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, ह्याला करंज्या तळल्याचा वास येतोय. काय लावलंत?"

"खोबरेल. डिस्कला."

"घरचं?"

"घाण्यावर काढलेलं."

"अरेरे, चांगलं तेल वाया घालवलंत. डोक्याला लावलं असतं तर थंडावा तरी मिळाला असता!"

मग हसू आवरून ते म्हणाले, "वहिनींना सांगू नका. त्या माझ्यावर रागावल्या तर गॅरेज बदलतील. तुमच्यावर रागावल्या तर गाडीत बसणार न्हाय. मग बाग कोण बघणार?"

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी वसुधाला सांगितले, "पॅड नीट बसले नव्हते, वहिनी. चूक माझी." वसुधाने ते खरे मानले आणि भेटेल त्याला सांगितले. तिने शाळेत तीस वर्षे शिकवले होते, किनाऱ्यावरचे निम्मे बग्गीवाले तिचे विद्यार्थी. एकेकाने ब्रेकची कामे यासीनभाईंकडे न्यायचे बंद केले. मला हे दिसत होते आणि मी गप्प होतो.

यासीनभाई मात्र आमच्या गाडीच्या मागे लागले. तेलाची चूक माझी खरी, पण सपाट पुळणीसाठीचा ब्रेक आमच्या चढाला मुळातच लहान, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि पॅड आवळणारे दुहेरी दाबाचे कॅलिपर बसवले, रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नळ्या घातल्या. नळ्यांतल्या ब्रेक-ऑइलमध्ये अडकून पेडल ढिले करणारी हवा काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुद्दाम वसुधाला बोलावले. दुखरा गुडघा डावा, ब्रेक उजव्या पायाचा.

"दाबा वहिनी... धरा... सोडा. पुन्हा."

"भाई, किती वेळा?"

"तुमचा पाय सांगेल."

पंचविसाव्या की सव्विसाव्या वेळी ती एकदम म्हणाली, "घट्ट लागतोय!" तिचा चेहरा असा उजळलेला मी ऑक्टोबरनंतर पाहिला नव्हता.

सतरा जानेवारीला त्यांनी तिलाच चालवायला बसवले आणि स्वतः शेजारी बसले. निम्म्या उतारावर त्यांनी हात वर केला, तिने ब्रेक दाबला. मी पावले मोजली. जुना ब्रेक चांगला असतानाही त्या जागी एकोणीस पावले घ्यायचा. ही अकरा झाली. वसुधा उतरली आणि म्हणाली, "भाई, आता बरोबर काम केलंत." यासीनभाई हसले. मी तेव्हाही बोललो नाही... त्या एका वाक्याने मला पुढे झोप लागू दिली नाही.

ते गेल्यावर शबानाने गॅरेज उघडले. ती सहा वर्षे त्यांच्या हाताखाली शिकलेली, नटांच्या रांगा तशाच लावते. पण एकही बग्गी आली नाही. यासीनच्या ब्रेकने मास्तरीणबाई पडता पडता वाचल्या, ही गोष्ट किनाऱ्यावर तशीच होती आणि आता ती शबानाच्या पोटावर येत होती.

फेब्रुवारीत एका सकाळी मी वसुधाला सगळे सांगितले. तिने कप खाली ठेवला.

"चार महिने?"

"चार महिने आणि नऊ दिवस."

"दिवस बरे मोजलेस! चल, गाडी काढ. मी चालवते."

यासीनभाईंचा अंदाज निम्मा खरा ठरला. ती माझ्या शेजारी बसली नाही, तिने मला शेजारी बसवले आणि थेट पुळणीवर नेले. बग्गीवाले चहा पीत होते. "तुम्हाला मी सांगितलं ते चुकीचं होतं," ती म्हणाली, "आता हे सांगतील." मी उभ्याउभ्या सांगितले. तिचा जुना विद्यार्थी अनंता म्हणाला, "काका, ब्रेकला खोबरेल? मग इंजिनाला उटणं लावलंत काय?" सगळे हसले, मीही हसलो. हसू थांबल्यावर अनंताने कप ठेवला. "आणि यासीनचाचा काही बोलले नाहीत?" त्याने हळूच विचारले. मी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बग्गी गॅरेजात होती. शबानाने चारही चाकांचे पॅड बदलले, हवा काढली आणि अनंताला स्वतः पेडल दाबून पाहायला लावले. मजुरीचे बाराशे रुपये झाले. एरवी पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या अनंताने ते पुरे मोजून शबानाच्या हातात दिले.